शस्त्रक्रियेनंतरची छुपी गुठळी

घरांतील वडील माणसाच्या खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, कीं मंडळी निश्चिंत होतात. परंतु निजून राहिल्यानें पायांतील रक्ताचा वेग मंदावतो, शस्त्रक्रियेच्या आघातानें तें लवकर गोठूं लागतें, आणि खोल शिरेंत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसांत अडकल्यास प्राणावर बेततें.

हा विकार पाश्चात्त्यांचा, आशियाई माणसांस त्याची बाधा क्वचितच, असा समज वैद्यकवर्गांतही दीर्घकाळ होता. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, आशियांतील १९ रुग्णालयांच्या पाहणीनें त्यास धक्का दिला. प्रतिबंधक औषध न दिलेल्या ज्या २९५ रुग्णांच्या शिरांची क्ष-किरण-परीक्षा पुरी झाली, त्यांतील १२१ जणांत, म्हणजे शेंकडा ४१ जणांत, गुठळी आढळली. मात्र गुडघ्यापर्यंत वा त्यावर पोंचलेली, अधिक धोक्याची गुठळी ३० जणांतच होती.

पुष्कळदां गुठळीचें कांहींच लक्षण दिसत नाहीं. म्हणून प्रतिबंधक औषधाविषयीं शस्त्रवैद्यास आधींच विचारावें. त्यानें रक्तस्राव वाढूं शकतो, तेव्हां निर्णय त्याचाच. त्याच्या अनुज्ञेनें रुग्णास लवकर चालवावें. पोटरी सुजली वा दुखूं लागली, तर मायेपोटीं तेल लावून ती रगडूं नये. आणि धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें.