‘वडनेर’ चार अक्षरांचं, मग कॉम्प्युटर पाच का मोजतो?

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, मुंबई-कोलकाता महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव लागतं. समजा, इथली एक मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी एसटीने कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत घरी. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. डोक्यातल्या शंका मात्र मराठीत.

एके दिवशी प्रॅक्टिकलला पायथनमध्ये शब्दाची लांबी मोजायची असते. बाकीचे ‘हॅलो’ घेतात, ती गावाचं नाव घेते. बोटांवर मोजलं तर व-ड-ने-र, म्हणजे चार. स्क्रीनवर उत्तर येतं ५. तिला वाटतं आपलंच काही चुकलं. पण ना ती चुकलेली असते, ना कॉम्प्युटर. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

कॉम्प्युटरला अक्षर नाही, नंबर दिसतो

कॉम्प्युटर फक्त आकडे साठवतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक नंबर ठरवून द्यावा लागतो. जगभरातल्या लिप्यांसाठी हे काम ‘युनिकोड’ करतं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा आहेत.

या तक्त्यात ‘ने’ला स्वतंत्र नंबर नाही. ‘न’चा एक नंबर आणि मात्रेचा वेगळा. म्हणून ‘वडनेर’ म्हणजे व, ड, न, मात्रा, र असे पाच नंबर. ‘बुलढाणा’ आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, कॉम्प्युटरला सात नंबरांचं.

हेच नंबर साठवताना जागा किती लागते? इंटरनेटवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे ‘वडनेर’चे झाले १५ बाइट. एसएमएसची पद्धत वेगळी, पण फटका तिथेही बसतो. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० चिन्हं. मात्रा आणि वेलांट्याही त्यातच मोजल्या जातात.

उलटं केलं की मात्रा घसरते

पहिल्या वर्षाचा आणखी एक नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे शब्द उलटा करून दाखवणे. ‘वडनेर’ उलटा केला की ‘रनेडव’ यायला हवं. येतं ‘रेनडव’. नंबर उलटे लावल्यावर मात्रा ‘र’च्या मागे आली आणि त्यालाच चिकटली. ‘भोलजी’चं तर सुरुवातीलाच एक सुटी वेलांटी लोंबकळताना दिसते.

वर्गात हे गमतीचं वाटतं. पण ज्या प्रोग्रॅमने मराठी नाव दहाव्या नंबरवर कापायचं ठरवलंय, तो एखाद्याच्या आडनावातली शेवटची वेलांटी सहज खाऊन टाकतो.

जुनी फाइल उघडल्यावर गिचमिड का दिसतं?

गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून घेतला आणि फाइल मोबाइलवर उघडली, की कधी कधी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. कारण तो अर्ज कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो.

हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या नंबरांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवतात. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो, फॉन्ट त्याला मराठी मुखवटा घालतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. अशा फाइलमधला मराठी शब्द सर्चमध्ये सापडत नाही. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे हात टेकतं. असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो.

दिसायला सारखं, आतून वेगळं

पण युनिकोड वापरलं म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप करता येतो. एकात मराठीसाठीचा वेगळा ‘ऱ’ वापरला जातो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच. कॉम्प्युटरला एक सहा नंबरांचा, दुसरा सात नंबरांचा. म्हणजे दोन वेगळे शब्द.

‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’ला वर चंद्र जोडून काम चालायचं आणि तसं लिहिलेला मजकूर आजही पडून आहे.

याचा त्रास यादीत नाव शोधताना होतो. यादी एका पद्धतीने टाइप केलेली आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने लिहिलं, तर ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाला ‘नाव नाही’ असं उत्तर मिळू शकतं. नाव तिथेच असतं.

मग बरोबर मोजायचं कसं?

वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते एकच मोजण्याचे नियमही युनिकोडने ठरवलेत. ते वापरणारी तयार लायब्ररी बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत मिळते. जोडाक्षरांचा प्रश्न मात्र बरीच वर्षं रेंगाळला. ‘विद्यार्थी’ या शब्दात दहा नंबर आहेत. जुने नियम त्याचे पाच तुकडे करायचे: वि, द्, या, र्, थी. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत नियम सुधारला आणि आता ते तीन होतात: वि, द्या, र्थी. आपण शाळेत मोजायचो तसेच. अर्थात लायब्ररी जुनी असेल, तर उत्तर अजूनही पाचच येणार.

वडनेरच्या त्या मुलीसाठी यातून तीन सवयी निघतात. मराठी मजकूर कायम युनिकोडमध्ये ठेवायचा. शोधण्याआधी ‘ऱ’ आणि ‘ॲ’ची वेगवेगळी रूपं एकसारखी करून घ्यायची. आणि प्रोग्रॅम तपासताना ‘हॅलो’वर थांबायचं नाही, ‘वडनेर’, ‘वऱ्हाड’ आणि ‘विद्यार्थी’ हे तीन शब्द टाकून बघायचे.

या चुका इंग्रजीत तपासणाऱ्याला दिसत नाहीत. दिसतात त्या मराठी वाचणाऱ्याला. ‘रेनडव’ बघून ज्याला खटकतं, तोच हा प्रोग्रॅम दुरुस्त करू शकतो.