२६ मेंढ्या, १० शेळ्या आणि कप्तानाचं वय

एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर जहाजाच्या कप्तानाचं वय किती?

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गणितशिक्षकांनी १९८० च्या सुमारास हे उदाहरण प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना घातलं. त्यातल्या ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून कप्तानाचं वय काढून दाखवलं! बेरीज केली तर ३६ येतात आणि ३६ हे कप्तानाला शोभणारं वयही आहे, मग शंका कशाला यावी?

या कोड्याचा मूळपुरुष म्हणजे कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर. १८४० च्या दशकात त्याने बहिणीला लिहिलेल्या पत्रात जहाजाचं लांबलचक वर्णन करून शेवटी कप्तानाचं वय विचारलं होतं. २०१८ साली चीनमधल्या नानचोंग शहरात पाचवीच्या परीक्षेत याच २६ मेंढ्या आणि १० शेळ्या पुन्हा अवतरल्या. त्यावर समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. मुलं विचार करतात का हे पाहायचं होतं, असं तिथल्या शिक्षण खात्याने सांगितलं. समाजमाध्यमावरच्या एका पठ्ठ्याने तर जनावरांचं एकूण वजन काढलं, एवढा माल नेणाऱ्या जहाजाच्या परवान्याचे नियम शोधले आणि कप्तान निदान २८ वर्षांचा असणार असं गणित मांडलं. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

३६ उत्तर देणारी ही मुलं मठ्ठ नसतात. शाळेतल्या गणिताला उत्तर असतंच आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, एवढं ती पक्कं शिकलेली असतात. आपणच त्यांना किल्ल्या देतो: ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ की गुणाकार, ‘वाटले’ की भागाकार. आता हे बघा: मीनाकडे ८ गोट्या आहेत. त्या राजूच्या गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. राजूकडे किती? ‘जास्त’ हा शब्द वाचताक्षणी कितीतरी हात ११ लिहून मोकळे होतात. राजूच्या मुठीत डोकावलं असतं तर ५ दिसल्या असत्या.

उरलेल्या १८ जणांचं काय?

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी परवा वही घेऊन आली. सहलीला १५० मुलं, एका एसटीत ४४ जणांची सोय, तर किती एसट्या लागतील? तिने भागाकार सुबक केला होता. भागाकार ३, बाकी १८, खाली दोन रेघा. मी काहीच बोलले नाही, नुसती वाचत बसले. मग तीच म्हणाली, “काकू, पण ही अठरा मुलं घरीच राहणार का?” तिने क्षणभर पेन्सिल चावली, रेघा खोडल्या आणि ४ लिहिले. पुढे विचारते कशी, “चौथ्या गाडीत खूप जागा उरेल, आईला नेता येईल?”

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशपातळीवरच्या चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना असंच उदाहरण होतं. सैनिक ११२८, एका बसमध्ये ३६ मावतात, बसेस किती? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांना बरोबर जमला. पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांचं उत्तर होतं ‘३१ बाकी १२’. ते बारा सैनिक रस्त्यावरच राहिले आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

नारळवाल्याचा हिशेब

ब्राझीलच्या रेसिफे शहरात तीन संशोधक गिऱ्हाईक बनून बाजारात गेले. नारळ विकणारा मुलगा १२ वर्षांचा. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, तर दहाचे किती? दहाने गुणताना पुढे शून्य लावायचं, हे आपल्याला तिसरीत शिकवतात. या मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन घेतले की २१०, पुन्हा तीन घेतले की ३१५, त्यात एकाचे घातले आणि ३५० सांगितले. रीत लांबची खरी, पण पायरीगणिक नारळ डोळ्यांपुढे आहेत.

नंतर अशाच पाच मुलांना घरी बसवून तेच आकडे कागदावर दिले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाजारातल्या सवालांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली होती. कागदावरच्या कोऱ्या बेरजा-गुणाकारांची ३७ टक्के आली. गोष्टीच्या रूपात घातलेल्या उदाहरणांची मात्र ७४ टक्के! शाब्दिक उदाहरणं अवघड असतात असं आपण सरसकट म्हणतो, आणि या मुलांना तीच सोपी गेली. आकड्यांना धरायला गोष्ट होती म्हणून.

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचाही असाच अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुलं शाळेच्या उदाहरणांत अडखळली आणि शाळेतली मुलं बाजारच्या हिशेबात. मला ही बातमी वाचून वाईट वाटलं. एकाच गणिताची दोन घरं झाली आहेत आणि मधे येणं-जाणं नाही.

साडेचोवीस आणे

आपल्याकडे ही दोन घरं एकेकाळी जवळजवळ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या पाढ्यांची पोरं परवचा म्हणायची, ती बाजारासाठीच. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, मणाचे ४० शेर आणि शेराचे १६ छटाक अशी मापं असताना साडेतीन शेरांची किंमत काढायची तर साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी यायलाच हवी. सात आणे शेराचा माल साडेतीन शेर घेतला, तर औटकीत सातापुढे साडेचोवीस. साडेचोवीस आणे म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा. झाला हिशेब, कागदही लागला नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि औटकीचं काम संपत गेलं.

आकड्यांची नावं हाही एक मजेशीर घोळ. ‘पासष्ट’ ऐकताना पाच आधी येतात, लिहिताना सहा आधी लिहायचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ पाच’ अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. मला विचाराल तर दोन्ही रीती मुलांच्या कानावर पडू द्याव्यात.

गोगलगायीचं आमंत्रण

आठव्या शतकातल्या अल्क्विन नावाच्या विद्वानाच्या नावावर पोरांची बुद्धी तल्लख करणाऱ्या उदाहरणांचा एक लॅटिन संग्रह आहे. त्यात भिंगरी पक्षी गोगलगायीला जेवायला बोलावतो. अंतर एक लीग, म्हणजे त्या हिशेबाने ९०,००० इंच, आणि गोगलगाय दिवसाला एक इंच सरकते. पोचायला २४६ वर्षं आणि २१० दिवस! हे उत्तर काढून मूल हसलं, की त्याला गोष्ट दिसली असं समजावं.

त्याहून जुना इजिप्तचा लेखनिक अहमोस. इ. स. पू. १५५० च्या सुमाराचा त्याचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात ७ घरं, ४९ मांजरं, ३४३ उंदीर, २४०१ कणसं आणि १६,८०७ मापं धान्य यांची एकत्र बेरीज आहे: १९,६०७. दुसऱ्या एका उदाहरणात एक संख्या आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात. अहमोस आधी सरळ ७ धरतो. ७ आणि १ मिळून ८ आले, हवेत १९. मग ८ चे १९ करायला जितकी पट लागते तितकीच पट ७ ची.

आपल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, हीच युक्ती इष्टकर्म या नावाने भेटते. जी संख्या सोयीची ती धरा, चालवून बघा, मग दुरुस्त करा. अकबराच्या काळात १५८७ साली फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली. त्याच्या कितीतरी आधी, १२०७ च्या सुमारास, चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

‘लीलावती’तली उदाहरणं मला गणितापेक्षा चित्रं वाटतात. नऊ हात खांबावर मोर बसलाय, तळाशी सापाचं बीळ, आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. दोघं सारखंच अंतर कापतात. मोर सापाला कुठे गाठेल? बिळापासून बारा हातांवर.

आणि हा भुंग्यांचा थवा. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजाच्या फुलांकडे गेले. उरला एकच. थव्यात भुंगे किती? इष्टकर्माने १५ धरून बघा, आणि लगेच ताळा करा. कदंबावर ३, शिलींध्रावर ५, फरक २, त्याची तिप्पट ६ कुटजावर. झाले १४. पंधरावा भुंगा केतकी आणि मालतीच्या सुगंधात अडकून मधेच हवेत घिरट्या घालतोय.