आधी तिथी, मग तिकीट

सिंधुदुर्गात सुटीला निघालेल्या कुटुंबात एखादा तरी असतो, ज्याला किल्ला, स्कूबा आणि सोलकढी यांच्या पलीकडे एकच गोष्ट हवी असते. हातात दोर, दोराला गरी आणि खालून बसणारा तो पहिला झटका. कोकणात याला गरवायला जाणं म्हणतात. पण ही सहल ठरते कशी? सुट्या पाहून खोली घेतली जाते, खोली पाहून गाडी, आणि होडीचं तिथे पोचल्यावर बघू म्हणून सोडून दिलं जातं. मग घावणे खाऊन दहा वाजता होडीत बसायचं. डोक्यावर ऊन, आणि पाणी एक तर मेल्यासारखं पडलेलं किंवा इतकं ओढीचं की शिसं तळाला टिकत नाही. बाराला परत यायचं ते एखादी शेंगटी घेऊन. होडीवाल्याने फसवलं असं वाटतं, पण त्याचा काही दोष नसतो. चुकलेली असते ती तारीख.

खाडीतला मासा पाण्याच्या हालचालीवर जगतो आणि ती हालचाल चंद्रावर चालते. म्हणून या सहलीचं पहिलं पान पंचांगात उघडायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येतं. भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात येतात, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला भांग म्हणतात. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक चार मीटरांच्या घरात जातो. मालवणकडे तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. तरीही अरुंद खाडीमुखातून एवढं पाणी आत-बाहेर करायचं म्हणजे उधाणाच्या दिवशी तिथे ओढ जबरदस्त असते. हलकं शिसं वाहून जातं, दोर आडवा पडतो, आमिष तळापासून वर तरंगत राहतं. नवख्या माणसासाठी भांगाचे दिवस बरे.

भरतीची वेळ काढायला जुनी माणसं एक सोपा हिशेब वापरतात, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही दिवशी भरती बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा येत जाते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येते, त्यामुळे मालवणला ती साधारण तासभर किंवा थोडी जास्तच आधी पोचते. खाडीत आत जाल तसा पुन्हा उशीर होतो. तारीख निवडायला एवढा अंदाज पुरतो. नेमकी वेळ हवी असेल तर हैदराबादच्या ‘इनकॉइस’ या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर भरतीचे आकडे मिळतात.

आता हाच हिशेब दशमीला लावून पाहा. भांग नुकता सरत असतो. मुंबईला साडेसात, म्हणजे मालवणजवळच्या देवबागला सकाळी सहा-साडेसहाच्या आसपास पाणी भरतं. मग सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. कांदळवनाच्या मुळांत भरतीबरोबर शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडू लागते. शिकारी मासे याचीच वाट पाहत खाडीच्या वळणांवर, खडकाच्या आडोशाला, मुळांच्या कडेला थांबलेले असतात. सुकतीचे पहिले दोन तास गरवायला सर्वांत चांगले, असं माझं ठाम मत आहे. आणि याच वेळी वाराही मदतीला असतो. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा जास्त निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पाणी सपाट असतं. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा उठतो, खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतात आणि होडीतल्या निम्म्या मंडळींना मळमळू लागतं. दशमी-एकादशीच्या सकाळी सहा ते नऊ या वेळेत पाणी, वारा आणि ऊन तिन्ही तुमच्या बाजूने असतात. त्या तारखांना खोली घ्या. शनिवार-रविवार जमला तर उत्तम, नाही जमला तर एक रजा टाका.

महिना निवडायला फार विचार लागत नाही. पावसानंतर ऑक्टोबरात नद्यांचं पाणी गढूळ असतं, नोव्हेंबरपासून ते निवळतं. तिथून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर पर्यटकांच्या होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. तो काळ माशांच्या विणीचा, त्यामुळे त्या दिवसांत कोणी चोरून नेतो म्हणाला तरी जाऊ नये.

जागेसाठी देवबागच का? कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये निमुळती होत गेलेली ती वाळूची पट्टी आहे. टोकाला संगम, समोर भोगवे, आत गेलं की दोन्ही काठांना कांदळवन. समुद्राचा मासा आणि खाडीचा मासा एकाच सकाळी मिळण्याची शक्यता अशा ठिकाणीच असते. उत्तरेला गड नदीची कालावल खाडीही तशीच आहे आणि तिथे गर्दी कमी. खोल समुद्रात जाऊन सुरमई पकडण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला मोठी नौका, जास्त खर्च आणि समुद्राची सवय असलेलं पोट लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर खाडीच धरा.

मालवणात मात्र एक हद्द माहीत हवी. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य घोषित झालं. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचं तीन चौरस किलोमीटरांहून थोडं अधिक पाणी त्याचा गाभा आहे. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे, माशांची पिल्लं तिथे वाढतात. ‘किल्ल्यामागे मोठे मासे आहेत, तिथे नेतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

खाडीत गरीला काय लागतं? शेंगटी, काळुंदर, मुडदुशी, कधी हेकरू. पण मन ज्याच्यासाठी झुरतं ते दोन मासे वेगळे. एक तांबोशी आणि दुसरा जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात. या दोघांचं आयुष्य समजून घेतलं तर कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे आपोआप कळतं.

तांबोशी लहानपणी खाडीत, कांदळवनात राहते. काही वर्षांनी मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे निघून जाते आणि विणते तिथेच. म्हणजे खाडीत गरीला लागलेली वीतभर तांबोशी हे अजून एकदाही न विणलेलं पोर असतं. जिताड्याची गोष्ट आणखी विलक्षण आहे. तो सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. खाडीतले सगळ्यांत मोठे जिताडे म्हणजे बहुतेक माद्या, प्रत्येकीच्या पोटात लाखो अंड्यांची ताकद. फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो हाच मोठा जिताडा, आणि मारल्यावर खाडीचं सर्वाधिक नुकसान होतं तेही त्याच्यामुळेच. हेकरूच्या कुळात हा क्रम उलटा असतो, तिथे मादीचा नर होतो. मला वाटतं, ताटापुरता मध्यम आकाराचा एखादा मासा ठेवावा, बाकी लहान आणि फार मोठे पाण्यात परत द्यावेत. राज्य सरकारनेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे.

सोडायचा तर नीट सोडावा. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो, म्हणून आधी हात ओले करायचे. टोक आत वळलेली गोल गरी मिळते. ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच बसते, घशात जात नाही. मात्र ती लावली असेल तर झटका न मारता दोर हळू ताणत आणायचा. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर ती काढणं सोपं जातं, आणि पोराच्या बोटात घुसली तरीही.

सामानावर फार पैसे घालू नका. पहिल्या खेपेला रॉड-रीळ नसलं तरी चालतं. लाकडावर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोर, शिशाची गोळी, दोन-तीन आकारांच्या गऱ्या आणि ताजी कोळंबी एवढ्यावर मासा लागतो. बोटांत धरलेल्या तंगुसावर तळाचं टोकणं जितकं स्पष्ट कळतं, तितकं रॉडवर नवख्याला कळत नाही. जिवंत कोळंबी मिळाली तर तिच्यासारखं आमिष नाही. तांबोशी लागली की लगेच मुळांत शिरू पाहते, तेव्हा जाड तंगूसच हवा. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. नायलॉन कुजत नाही आणि त्यात कासवं, पक्षी अडकतात.

काही मासे हाताळायचे नसतात. शेंगटीचे तिन्ही काटे विषारी असतात, त्यामुळे तिची गरी पक्कडीनेच काढायची. वागळी होडीत घेऊच नये, तिच्या शेपटीचा काटा पायात खोल जातो. असा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, उष्णतेने वेदना उतरते, आणि लगेच दवाखाना गाठायचा. फुगून गोल होणारा केंड तर खायचाच नाही. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. समुद्री घोडा किंवा कासव चुकून अडकलं तर तत्काळ मोकळं करायचं, कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

होडी ठरवताना भावाआधी दोन गोष्टी विचारा. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, मुलांच्या मापाचंही? आणि होडीत एकूण किती माणसं? चार-पाचांपेक्षा जास्त असतील तर दोर एकमेकांत गुंतण्यातच सकाळ जाते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी पाहावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये हवा.

आणि होडीवाल्याला काका म्हणा, दादा म्हणा, पण त्यांचं ऐका. देवबागच्या गाबीत कुटुंबांना हे पाणी पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तुमचा पंचांगाचा हिशेब त्यांना सांगा, ते त्यात पाव-अर्ध्या तासाची दुरुस्ती करतील. त्यांच्या कांडाळीजवळ गरी टाकू नका, जाळं फाटलं तर त्यांचा दिवस जातो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं जात असेल तर तिथून लांब राहा.

मासा शिजवून देणार का, हे घरगुती निवासात आधीच विचारलेलं बरं. सोमवारी, एकादशीला बऱ्याच घरांत मासे चुलीवर चढत नाहीत, म्हणून एकादशीऐवजी दशमीची सकाळ निवडणं दोन्ही अर्थांनी सोयीचं. ताज्या तांबोशीला मीठ, हळद, आगळ आणि तव्यावर थोडं तेल एवढंच लागतं. पुण्या-मुंबईला न्यायला मासे हवे असतील तर त्यासाठी खाडीत जास्त वेळ बसू नका. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो. तिथून घ्या, बर्फात भरा आणि गाडीत ठेवा.