कासवाचा त्रिकोण

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच तासाला मुलांच्या पुढ्यात एक ओळ येते: 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'. अर्थ विचारला की उत्तर ठरलेले, "ते पुढे कळेल, आत्ता लिहून घ्या." मग एखादा अर्धविराम राहून जातो, संगणक चूक दाखवतो आणि एरवी चुणचुणीत असलेले मूल आठवडाभरात ठरवून टाकते की, हे काही आपल्याला जमायचे नाही. गंमत अशी की, 'जावा'च्या कर्त्यांनी १९९५ पासून चालत आलेली ही ओळ लिहिण्याची सक्ती २०२५च्या आवृत्तीत काढून टाकली. तीस वर्षे लागली!

सिमोर पेपर्ट यांना हे दुखणे फार आधी उमगले होते. मुले विचार कसा करतात याचा शोध घेणाऱ्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात काम करून ते अमेरिकेत आले. तिथे १९६७ साली वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी 'लोगो' ही भाषा घडवली. पुढे तिच्यात एक कासव आले. आधी जमिनीवर चालणारे, मग पडद्यावरचे. 'पुढे १००, उजवीकडे ९०' असे चारदा सांगितले की चौकोन तयार. पहिल्या दिवसाला हे दोन हुकूम पुष्कळ झाले. तेच ते लिहून मूल कंटाळले, की मगच 'पुन्हा कर' हा तिसरा हुकूम द्यावा. कंटाळ्याआधी दिला तर तो नुसता पाठांतराचा विषय होतो.

खरी मजा त्रिकोणात आहे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे शाळेत घोकलेले. म्हणून मूल कासवाला ६० अंशांत वळवते. तीन रेघा उमटतात, पण टोके जुळत नाहीत. निघतो तो अर्धा षटकोन. इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकाला (आणि मागे उभ्या असलेल्या वडिलांना) आवरत नाही. पेपर्ट यांची युक्ती वेगळी होती: मुलानेच कासव व्हायचे. मूल उठते, खोलीत चालू लागते, कोपऱ्यावर वळते आणि थबकते. आपण आतल्या कोनाइतके नव्हे, बाहेरच्या कोनाइतके वळतो! तिन्ही वळणे मिळून एक गिरकी, म्हणजे ३६० अंश; तेव्हा एक वळण १२०चे. चुकलेली रेघ पडद्यावर तशीच असते, पण आता तिची भीती उरलेली नसते.

त्रिकोण साधलेले मूल आपणहून वर्तुळाच्या मागे लागते. एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे. असे किती वेळा, हे त्यालाच विचारावे.