व्याकरणाचा तास बंद, इंग्रजीचा तास सुरू!

आठ-दहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकूनही मुलांची जीभ का अडखळते? हा प्रश्न घेऊन एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक धाडसी प्रयोग सुरू केला. इंग्रजी शिकवण्याच्या जगभरातल्या पद्धतींवर त्याची छाप पडली. ज्या देशात तो झाला, तिथल्या पालकांना मात्र त्याची फारशी कल्पना नाही.

रायपूरमधल्या मराठी घरांत भाषांना तोटा नाही. आजी-आजोबांशी मराठी, शाळेत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. पाच-सहा वर्षांचं पोर एका भाषेतून दुसरीत कधी उडी मारतं, ते त्याचं त्यालाही कळत नाही. छत्तीसगढीचं व्याकरण त्याला कुणी शिकवलेलं नसतं, की हिंदीतले काळ पाठ करून घेतलेले नसतात. हेच मूल इंग्रजीच्या तासाला मात्र मान खाली घालून बसतं. वहीत सगळं बरोबर असतं, पण पाहुण्यांनी इंग्रजीत एखादा प्रश्न विचारला की ते आईच्या पदराआड जातं.

हे चित्र काही रायपूरपुरतं नाही. नागपूर, नाशिक, सांगली, कुठंही जा, पालकांची तक्रार हीच. सरकारांनी त्यावर आपापल्या परीनं उपाय शोधले. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. छत्तीसगढ सरकारनं २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावानं सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. इंग्रजी कितवीपासून आणि माध्यम कोणतं, यावर आपल्याकडे भरपूर वाद झाले. पण वर्गात गेल्यावर ती भाषा शिकवायची कशी, यावर किती बोललं गेलं? प्रभूंनी आपलं संशोधन नेमकं याच प्रश्नाला वाहिलं.

पाठ झालं, पण आलं नाही

प्रभू त्या वेळी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी अध्यापनाचं काम पाहत होते. डब्ल्यू. डब्ल्यू. एस. भास्कर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं ‘इंग्लिश थ्रू रीडिंग’ हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या परिचयाचं होतं. म्हणजे रुळलेल्या वाटेची त्यांना चांगली माहिती होती.

ही रुळलेली वाट कोणती? मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. आधी नियम, मग भाषांतरासाठी वाक्यं. १९५० नंतर भारतातल्या शाळांत वाक्यरचनांची पद्धत आली. भाषांतर मागे पडलं. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वाक्यरचनांची एक यादी तयार झाली. आज एक रचना, उद्या दुसरी. शिक्षकानं वाक्य म्हणायचं, वर्गानं एका सुरात ते पुन्हा म्हणायचं. या पद्धतीसाठी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आलं.

पद्धत नीटनेटकी होती, पण एक गोष्ट वारंवार दिसू लागली. सोमवारी बिनचूक म्हटलेली रचना शुक्रवारी मूल विसरलेलं असे. वर्गात येणारं वाक्य वर्गाबाहेर येत नसे. मग प्रभूंनी उलटा विचार केला. व्याकरणाचे तुकडे एकेक करून डोक्यात घालता येतात, हे गृहीतकच चुकीचं असेल तर? मुलाचं सगळं लक्ष अर्थाकडे, एखादी गोष्ट समजून घेण्याकडे लागलेलं असतानाच व्याकरण नकळत मुरत असेल तर?

हे तपासून पाहण्यासाठी बंगळूरच्या दक्षिण भारत विभागीय इंग्रजी संस्थेच्या सहकार्यानं १९७९ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि १९८४ पर्यंत चालला. जगभर तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्यात बंगळूर, मद्रास आणि इतर काही ठिकाणचे मिळून आठ वर्ग होते. मुलं ८ ते १५ वर्षांची, सर्वसाधारण शाळांतली. साधनं म्हणाल तर फळा, खडू आणि कागद.

लग्नाची वेळ आणि दोन गाड्या

या वर्गात चालायचं काय? आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. समजा, फळ्यावर दोन गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. पहिली रायपूरहून सकाळी सहाला सुटते आणि अकराला नागपूरला पोचते. दुसरी आठला सुटते आणि साडेबाराला पोचते. शिक्षक इंग्रजीत विचारू लागतात. आधी कोणती गाडी सुटते? प्रवासाला कमी वेळ कोणत्या गाडीनं लागतो? नागपूरला बाराचा मुहूर्त आहे, मग कोणत्या गाडीनं जायचं?

आता वर्गाचं डोकं गाड्यांच्या मागे धावू लागतं. दुसरी गाडी वेगवान आहे खरी, पण तिनं गेलं तर अक्षता टाकायला मिळणार नाहीत! हे कोडं सोडवताना आपण इंग्रजी शिकतो आहोत, हे मूल विसरून जातं आणि प्रभूंना हवं होतं ते हेच.

तासाचे दोन भाग असत. पहिल्या भागात शिक्षक सगळ्या वर्गाला बरोबर घेऊन, मोठ्यानं प्रश्नोत्तरं करत एक काम पार पाडत. दुसऱ्या भागात तसंच दुसरं काम प्रत्येक मुलानं आपलं आपण करायचं. शहराचे नकाशे, शाळेचं वेळापत्रक, कॅलेंडर, पैशांचे हिशेब, असल्या गोष्टींवर ही कामं बेतलेली असत. गुण मिळत ते उत्तर बरोबर आलं की नाही, यावर.

काम किती अवघड असावं, याचं प्रभूंचं माप फार सोपं होतं. साधारण निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं, तर काम योग्य. सगळ्यांना सगळं जमलं तर ते फार सोपं आणि कुणालाच काही जमलं नाही तर फार अवघड.

मुलानं एका शब्दात उत्तर दिलं तरी चाले. अडलं तर मातृभाषेतला शब्दही चाले. चूक झाली तर शिक्षक तेच वाक्य सहज बरोबर म्हणून पुढे जात. घरात ‘मी गेला’ म्हणणाऱ्या मुलीला आई ‘गेलीस का तू? बरं केलंस’ म्हणते, तसंच. त्यासाठी ती लिंगाचे नियम समजावत बसत नाही.

प्रभूंनी मुलांचे गट पाडून त्यांना आपसात बोलायला लावलं नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की भाषा कच्ची असलेली मुलं एकमेकांशीच बोलत राहिली तर एकमेकांच्या चुका पक्क्या होतील. त्यापेक्षा शिक्षकाचं चांगलं इंग्रजी त्यांच्या कानांवर भरपूर पडू दे.

परीक्षेत काय झालं?

व्याकरण न शिकवता व्याकरण येतं का? १९८४ मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी चार शाळांमध्ये चाचण्या घेतल्या. एका बाजूला प्रकल्पाचे वर्ग, दुसऱ्या बाजूला नेहमीच्या पद्धतीचे. त्यांनी १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीची मुलं सरस ठरली, तर कामं सोडवण्याच्या चाचणीत प्रकल्पाची. ज्यानं ज्याचा सराव केला, त्यात तो पुढे! दोन्ही पद्धतींकडे न झुकणाऱ्या चाचण्यांचं पारडं एकंदरीत प्रकल्पाच्या मुलांकडे कललं. व्याकरणाचे स्वतंत्र धडे न गिरवताही संदर्भासह आलेलं व्याकरण त्यांना वापरता येत होतं.

पण दोघांनी सावधगिरीचा इशाराही दिला. तुलना करायच्या वर्गांतली मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती आणि शिकवणारे शिक्षकही सारख्या तयारीचे नव्हते. पुढे बेरेटांनी प्रकल्पातल्या शिक्षकांच्या अनुभवांचा अभ्यास केला तेव्हा खरी गोम कळली. प्रशिक्षण संस्थांमधून आलेले, इंग्रजी सफाईनं बोलणारे शिक्षक या पद्धतीत रमले. शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांची मात्र ओढाताण झाली. पाठ्यपुस्तकाची काठी काढून घेतल्यावर तासभर इंग्रजीत बोलत राहणं सोपं नसतं. भरलेला वर्ग, वरून परीक्षेचा धाक आणि स्वतःचं इंग्रजीही याच व्यवस्थेत शिकलेलं. त्यांना दोष कसा द्यायचा?

प्रयोग संपला आणि शाळा पुन्हा आपल्या पुस्तकांकडे वळल्या. पण १९८७ मध्ये ‘सेकंड लँग्वेज पेडगॉजी’ हे प्रभूंचं पुस्तक ऑक्सफर्डनं प्रसिद्ध केलं आणि हा विचार जगभर पोचला. पुढे प्रभू सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकवू लागले. इंग्रजीच्या वर्गात ‘टास्क’ देऊन शिकवण्याची जी पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे, तिच्या इतिहासात बंगळूरचं नाव पहिल्या काही पानांतच येतं.

सर्वोत्तम पद्धत? ती नसतेच!

एवढं नाव झाल्यावर माणसानं आपल्या पद्धतीचा झेंडा मिरवला असता. प्रभूंनी १९९० मध्ये निबंध लिहिला तो ‘सर्वोत्तम पद्धत का नसते’ या विषयावर. त्यात ते म्हणतात, की शिकवल्यानं शिकणं कसं घडतं याविषयी प्रत्येक शिक्षकाच्या मनात स्वतःची एक समज असते. ती जागी असेल, तर कोणत्याही पद्धतीत जीव येतो. वाईट पद्धतीपेक्षाही यांत्रिकपणे, सवयीनं शिकवणं जास्त घातक.

यातून आई-वडिलांनाही घेण्यासारखं आहे. त्यासाठी महागडा क्लास लागत नाही. किराणा मालाची यादी, दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रवासाचं तिकीट किंवा भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा. तीन-चार सोपे प्रश्न इंग्रजीत विचारा. मूल मराठीत उत्तर देईल, देऊ द्या. तेच उत्तर हसतमुखानं इंग्रजीत म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. स्वतःचं इंग्रजी बेताचं असेल, तर दोघं मिळून कोडं सोडवा. फक्त चूक मोजायला बसू नका.

छत्तीसगढी ज्या कानांनी फुकटात शिकून घेतली, तेच कान मुलाकडे अजून आहेत. इंग्रजीच्या तासालाही ते उघडे राहतील, एवढं घरानं आणि शाळेनं मिळून पाहायचं.