लहान मातीचे धरण : मालकी खासगी, जबाबदारी सार्वजनिक

शेती, बागायत, गुरांचे पाणी अथवा मत्स्यपालन यांसाठी एखादा ओहोळ अडवून मातीचे लहान धरण बांधण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. अशी धरणे पुष्कळदा जमीनमालक, संस्था अथवा कारखाने स्वखर्चाने बांधतात. पाणी साठू लागले की धरणाकडील लक्ष मात्र कमी होत जाते. भिंतीवर झुडपे माजतात, सांडव्यात गाळ साचतो, मूळचे नकाशे गहाळ होतात. वर्षानुवर्षे काही झाले नाही, म्हणजे धरण मजबूत आहे, असा समज रूढ होतो. हा समज किती घातक ठरू शकतो, हे पुढील घटनेवरून दिसून येईल.

टोकोआची दुर्घटना

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचे एक लहान मातीचे धरण होते. ते तेथील एका धार्मिक शिक्षणसंस्थेच्या मालकीचे होते. मुळात वीजनिर्मितीसाठी घातलेल्या जुन्या दगडी बंधाऱ्यावर मातीचा भराव टाकून ते टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले होते. वीजनिर्मिती 1957 मध्ये बंद झाली आणि मागे केवळ विरंगुळ्याचा एक तलाव उरला. भिंतीची उंची सुमारे 38 फूट व लांबी सुमारे 400 फूट होती.

दि. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, मुसळधार पावसानंतर, मध्यरात्री दीडच्या सुमारास हे धरण फुटले. पाण्याचा लोंढा खालच्या अंगास असलेल्या संस्थेच्याच वसाहतीत शिरला. लोक झोपेत होते. 39 जणांचे प्राण गेले.

चौकशीत कोणतेही एकच निश्चित कारण पुढे आले नाही. तथापि भिंतीचा खालच्या बाजूचा उतार फार उभा होता. तो पूर्वीही घसरला होता आणि त्याची खूण 1973 च्या एका छायाचित्रात दिसत होती. भरावातून जाणाऱ्या जुन्या नळाच्या कडेने पाणी पाझरत असावे, असेही तज्ज्ञांचे मत पडले. थोडक्यात, धरणाने इशारा दिला होता. तो वाचणारे कोणी नव्हते.

मातीचे धरण का फुटते ?

मातीचे धरण प्रामुख्याने तीन प्रकारे धोक्यात येते. पहिला धोका माथ्यावरून पाणी वाहण्याचा. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो टिकू शकतो. मातीची भिंत मात्र काही तासांत कापली जाते. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण होय. जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यात फळ्या अथवा वाळूची पोती रचणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

दुसरा धोका पाझराचा. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. ते स्वच्छ व मोजके असेल तर भिण्याचे कारण नाही. परंतु ते गढूळ झाले, तर भिंतीतील माती आतून वाहून जात आहे असे समजावे. नळाची कड, कुजलेली मुळे, घुशींची व खेकड्यांची बिळे येथून हा मार्ग सुरू होतो. गोव्यातील खाजन शेतीचे बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांना हे शिकवावयास नको. खेकड्याचे एक बीळ वेळीच बुजविले नाही तर खारे पाणी शेतात येते, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

तिसरा धोका उतार घसरण्याचा. माथ्यावरील लांबट भेग, खचलेला भाग अथवा पायथ्याशी आलेला फुगवटा ही त्याची लक्षणे होत.

मालकाने काय करावे ?

पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक मोठ्या पावसानंतर आणि पावसाळा संपल्यावर संपूर्ण भिंतीवरून व पायथ्यावरून पायी फिरून पाहणी करावी व वहीत तारीखवार नोंद ठेवावी. गवत आखूड ठेवावे. झुडपे लहान असतानाच काढावीत. जुना मोठा वृक्ष मात्र अभियंत्यास विचारल्याशिवाय उपटू नये, कारण मुळांची पोकळी मागे राहते.

गढूळ पाझर दिसल्यास बाहेरून चिकणमातीने तोंड बंद करू नये. त्यामुळे पाण्याचा दाब वाढून ते दुसरीकडून फुटते. प्रथम वाळू, तीवर बारीक खडी व नंतर मोठी खडी असा थर घालावा. म्हणजे पाणी निघून जाते व माती अडते. त्याच वेळी तलावाची पातळी बेताने उतरवावी, कारण ती एकाएकी खाली नेल्यास आतील उतार घसरू शकतो. अभियंत्यास तत्काळ बोलवावे आणि खालच्या वस्तीस सावध करावे.

कायदा व त्यापलीकडे

टोकोआच्या घटनेनंतर अमेरिकेत हजारो बिगरसरकारी धरणांची तपासणी करण्यात आली. जॉर्जिया राज्याने 1978 मध्ये धरण सुरक्षेचा कायदा केला. भारतात धरण सुरक्षा अधिनियम, 2021 अंमलात आहे. 15 मीटरहून अधिक उंचीची सर्व धरणे त्याच्या कक्षेत येतात. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणास तो लागू होण्यासाठी 500 मीटर लांबी अथवा 10 लाख घनमीटर साठा यांसारखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. केली बार्न्स धरण सुमारे साडेअकरा मीटर उंच व सुमारे 120 मीटर लांब होते. त्यातील साठाही 10 लाख घनमीटरांपेक्षा कमी होता. म्हणजे 39 बळी घेणारे ते धरण या मापांत बसले नसते.

कायद्याच्या मापाबाहेर असलेले धरण धोक्याच्या बाहेर असतेच असे नाही. म्हणून खालच्या अंगास घरे, शाळा अथवा रस्ता असलेल्या प्रत्येक लहान धरणाची नोंद पंचायत सचिव व तलाठी यांनी ठेवावी. मालकाचे नाव व सांडव्याची स्थिती त्यात असावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पाझराचे स्वच्छ व गढूळ पाणी यांतील भेद समजावून सांगावा. ग्रामस्थांनी संशयास्पद खूण दिसताच मालकास व पंचायतीस कळवावे. धरण कोणाच्याही मालकीचे असो, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे प्राण ही सर्वांचीच जबाबदारी आहे.