जुन्या मोटारीचा ए.सी. : आधी दोष शोधा, मग गॅस भरा



लागण, बेणे, खोडवा आणि पाचट यांबद्दल या पानावर आपण नेहमीच वाचता. या खेपेला विषय जरा निराळा आहे. शिवारफेरीला निघालो की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दारात पूर्वी बैलगाडी आणि नंतर मोटारसायकल असे, त्या दारात आता जुनी का होईना, चारचाकी उभी असते. कुणाची मारुती ८००, कुणाची पिंपरीत तयार झालेली इंडिका, तर कुणाची बोलेरो. गाडी जुनी झाली की ए.सी. बंद, हे जणू ठरलेलेच! "आपल्याला कशाला हवा ए.सी.? काच खाली केली की झालं," असे बरेच जण म्हणतात. उन्हाळ्यापुरते ते चालूनही जाईल. पण आपल्या मुळशीच्या पावसात ते चालत नाही.

काचेवरची वाफ

आषाढात पौडवरून ताम्हिणीकडे गाडी निघाली की सगळ्या काचा बंद कराव्या लागतात. आत चार-पाच माणसे, अंगावर ओले कपडे. श्वासातला आणि कपड्यांतला ओलावा थंड काचेवर जमतो आणि समोरचे दिसेनासे होते. मग चालवणारा एका हाताने सुकाणू धरतो आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसतो. घाटाच्या वळणावर हे किती धोक्याचे, ते सांगायला नको. गळीत हंगामात पहाटेच्या धुक्यातही हीच गत होते. पुढे उसाची ट्रॉली असते, तिचा मागचा दिवा बऱ्याचदा बंद असतो, आणि ती ट्रॉली आपल्यातल्याच कुणाची तरी असते.

ए.सी. नुसती हवा गार करीत नाही, हवेतला ओलावाही काढून घेतो. म्हणून ए.सी. चालू करून हवा काचेवर सोडली की मिनिट-दोन मिनिटांत काच साफ होते. सोबत हीटर थोडा ठेवला तर गारठाही लागत नाही. हवा बाहेरून घ्यावी, आतलीच फिरवू नये. काच फार गार झाली तर उलट बाहेरच्या बाजूने वाफ धरते. तेव्हा वायपर फिरवावा आणि हवा थोडी उबदार करावी. सारांश, पावसाळ्यात ए.सी. ही चैन नव्हे, ब्रेकइतकीच गरजेची वस्तू आहे.

यंत्रणा चालते कशी?

इव्हॅपोरेटर आणि कंडेन्सर हे शब्द कारखान्याच्या सभासदांना नवे नाहीत. आपल्या इव्हॅपोरेटरमध्ये वाफेच्या उष्णतेने रसातले पाणी उडते. गाडीच्या इव्हॅपोरेटरमध्ये पाण्याऐवजी गॅसचा द्रव उडतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो. माठातले पाणी गार होते, त्यातलाच हा प्रकार. पुढे कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर टाकली जाते आणि गॅसचा पुन्हा द्रव होतो. हवेतला ओलावा गार जाळीवर पाणी होऊन जमतो आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतो. ए.सी. चालू असताना खाली पडणारे स्वच्छ पाणी हे चांगले लक्षण समजावे.

तपासणीचा क्रम

पहिला प्रश्न, हवा येते का? अजिबात येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग ब्लोअरची मोटर पाहावी. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद राहतो, असे झाले तर बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. वस्तू लहान आहे, त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उचकटू देऊ नये. हवा येते पण जोर नाही, तर आतली हवेची जाळी धुळीने भरलेली असते. उंदरांनाही विसरू नये. उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर पाचट आणि चिंध्या नेऊन घरटे करतात, वायरीही कुरतडतात.

दुसरा प्रश्न, हवा गार होते का? ए.सी.चे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा "टक" असा आवाज येतो की नाही, ते ऐकावे. येत नसेल तर वीज तिथवर पोचत नाही, किंवा गॅस कमी झाल्याने दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही. गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम, असे असेल तर रेडिएटरजवळचा पंखा फिरतो का ते पाहावे. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल आणि पाचटाचा भुसा बसला असेल तर साध्या पाण्याने हळुवार धुवावे. जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात. सुरुवातीला गार आणि अर्ध्या तासाने हवाच कमी, हे इव्हॅपोरेटरवर बर्फ धरल्याचे लक्षण होय.

तिसरा प्रश्न, गरम हवा येते का? हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. हीटर कोमट राहिला तर रेडिएटरमधले पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा हीटरची जाळी तुंबली आहे, असे समजावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच उघडू नये. हीटर गळत असेल तर गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट थर धरतो. तो फडक्याने पुसून जात नाही. डाव्या पायाशी साधे, बिनवासाचे पाणी साचले तर ए.सी.ची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. शेतातली चारी तुंबली की पाणी सरीत साचते, तसेच हे.

चौथा प्रश्न फक्त आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांसाठी आहे. अशी सोय अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९६४ मध्ये आली. आपल्याकडे आता जुन्या बाजारात घेतलेल्या गाड्यांतही ती दिसते. यात आतले आणि बाहेरचे तापमान मोजणारे सेन्सर असतात आणि गरम-गार हवा मिसळणारी झडप छोटी मोटर फिरवते. थंडीच्या सकाळी पडद्यावर ५० अंश दिसले तर बाहेरचा सेन्सर बिघडला आहे. डॅशबोर्डमागे टक्-टक् आवाज सतत येत असेल आणि एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम हवा येत असेल, तर झडपेची मोटर तपासावी. अशा गाडीत आधी बॅटरी चांगली आहे ना ते पाहावे आणि स्कॅनर लावणाऱ्याकडेच जावे.

गॅस कुठे जातो?

आता मुख्य मुद्दा. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीतून तोच तो फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच. आपल्या भागातल्या एका सभासदाच्या गाडीत लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला गेला आणि दर वेळी दोन महिन्यांत संपला. चौथ्या खेपेला कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा काळा डाग सापडला. खडा लागून तिथे बारीक भोक पडले होते. गॅसबरोबर तेलही फिरते, त्यामुळे गळतीच्या जागी तेल आणि धूळ जमते. ही खूण कुणालाही पाहता येते. पाइप फुटली म्हणून कुणी विहिरीवरची मोटर दोन तास जादा चालवीत नाही, आधी पाइप जोडतो. मग गाडीच्या बाबतीत उलटे का करावे?

भरताना गॅरेजवाल्याकडून या गोष्टी करून घ्याव्यात : गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओलावा निदान अर्धा तास ओढून काढणे, व्हॅक्यूम टिकतो का ते पाहणे, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरणे. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे, उलट गारवा कमी होतो.

फार जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगभर बंद करण्याचे ठरले. आपला देश १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए आला. दोन्ही गॅसचे तेल वेगळे असते, म्हणून जुन्या यंत्रणेत सील आणि तेल न बदलता नवा गॅस भरू नये. आर-१३४ए ओझोनला मारक नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जबर आहे. म्हणजे गळकी गाडी खिशालाही महाग आणि पावसापाण्यालाही.

काही ठिकाणी स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरतात. तो इव्हॅपोरेटरमधून गळला तर बंद गाडीत एक ठिणगी पुरे. असे कदापि करू देऊ नये. नळ्यांचे नटही घरी सैल करू नयेत. उसळणारा गॅस इतका थंड असतो की डोळा कायमचा जाऊ शकतो.

दोन सूचना

गाडी बंद शेडमध्ये उभी करून, इंजिन आणि ए.सी. चालू ठेवून कुणीही आत झोपू नये. कारखान्यावर रात्री नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

दुसरे असे, की थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे ए.सी. चालवावा. त्याने कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळते आणि ते सुकत नाही.

मृगाच्या आधी जशी आपण औते आणि पंप तपासतो, तशीच गाडीची हवा, हीटर आणि काच तपासून घ्यावी. आणि हंगामापूर्वी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावून दिवा दुरुस्त करावा. मागच्या गाडीची काच साफ असेलच, याचा भरवसा धरू नये.

— ऊस विकास अधिकारी